जे जैतुनबी बोलल्याच नव्हत्या

नाशिकला गंगापूर रोडवरच्या योगेशच्या स्टुडिओत जैतुनबी त्या दिवशी भांड्यांच्या एका दुकानाची जाहिरात वाचायला आल्या होत्या. दोन टेक झाले होते. तिसऱ्याच्या मध्येच काचेपलीकडे योगेशने हात वर केला आणि त्यांच्या हेडफोनमध्ये म्हणाला, "ताई, जरा थांबा. बाहेर एक आजी आल्यात. पेठहून. तुम्हालाच भेटायचंय म्हणतात, ऐकतच नाहीत."

बाहेरच्या बाकावर साठीची एक बाई बसली होती. गुडघ्याएवढं लुगडं, खांद्यावर पदर घट्ट ओढलेला, मांडीवर खताच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी. एसटीने दोन तास घाट ओलांडून ती आली होती. तिच्या गावच्या कृषी सहायकाने तिला स्टुडिओचा पत्ता कागदावर लिहून दिला होता आणि तो कागद तिने अजून मुठीत धरला होता.

"तुमीच का फोनवाल्या ताई?"

"हो, मीच. बसा ना. कुठून आलात एवढ्या लांबून?"

मान किंचित कलती करून ती आवाज ऐकत राहिली, बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन वजन पाहावं तशी. मग म्हणाली, "आवाज तर त्योच हाय." आणि तिने पिशवीतून मुळासकट उपटलेलं मिरचीचं झाड काढून जैतुनबींच्या पुढ्यात धरलं. पानं कडेने करपलेली, शेंडा गळून गेलेला, चुलीजवळ धरल्यासारखा.

"तुमी सांगितलं ते मारलं. अर्ध्या वावराची ही गत हाय."

"मी काय सांगितलं?"

बाईचं नाव रंगूबाई. तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढला, भाच्याने शिकवलं होतं तसं दोन ठिकाणी बोट लावलं आणि फोन पुढे केला. फोनमधून जैतुनबी बोलू लागल्या.

"नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो, मी तुमची जैतुनताई बोलतेय. मिरची, टोमॅटो, भात, नागली, पीक कोणतंही असो, 'कणसाई' फवारा आणि फरक पाहा. मी स्वतः खात्री केली आहे."

जैतुनबींनी ते एकदा ऐकलं, परत ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. आवाज त्यांचाच होता. 'बंधू'च्या आधी त्या बारीक श्वास घेत, तो श्वाससुद्धा होता. फक्त शेवटाकडे एका ठिकाणी 'पंपाला दोन पॉइंट पाच झाकणं' असं आलं. 'अडीच' हा शब्द असताना 'दोन पॉइंट पाच' त्या आयुष्यात कधी म्हणाल्या नव्हत्या.

"रंगूबाई, हे मी बोललेले नाही."

"मंग कोन बोललं? तुमची बहीण हाय का?"

जैतुनबींना बहीण नव्हती. त्यांनी रंगूबाईंसाठी चहा मागवला आणि करपलेलं झाड वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवलं. भांड्यांची जाहिरात त्या दिवशी पुरी झाली नाही.

*

जैतुनबी छप्पन वर्षांच्या आहेत. जन्म बागवानपुऱ्यातला. वडील महेबूब बागवान गंगेवरच्या बाजारात मिरच्या, कोथिंबीर, आलं विकायचे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पंचवटीच्या बाजूला घाटालगत बुधवारी मोठा बाजार भरायचा. तिथे महेबूबभाईंचा घसा एकदा बसला तो महिनाभर सुटला नाही. शेजारचे ओरडून गिऱ्हाईक ओढून नेऊ लागले, तेव्हा नऊ वर्षांची जैतुन पाटीमागून उठून उभी राहिली आणि भाव पुकारू लागली. ती किंचाळत नव्हती. पोटातून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायची, आणि तो आवाज घंटा-भोंगे-रिक्षांच्या गलबल्यातून सरळ पलीकडच्या काठाला जायचा. वडिलांचा घसा बरा झाला तरी पुकारायचं काम पोरीकडेच राहिलं.

नगरपालिकेच्या शाळेत बाई धडा मोठ्याने वाचायला तिलाच उभं करायच्या. घरी बोलणं उर्दूमिश्रित, शाळेत आणि बाजारात मराठी. पण पंचवटीत भाजी आणणाऱ्या मखमलाबाद, आडगाव, दिंडोरीकडच्या बायकांमध्ये बसून तिच्या मराठीला असा काही पीळ आला होता, की लोक नाव ऐकल्यावर परत चेहरा बघायचे. तिला त्याची सवय झाली.

लग्न झालं ते नईमभाईंशी. ते कपडे शिवायचे, अजूनही शिवतात. कॅसेटच्या दुकानात रिक्षावरच्या घोषणा भरायला आवाज हवा होता तेव्हा सासरची मंडळी कुरकुरली. बाईमाणसाचा आवाज गल्लोगल्ली फिरणार म्हणजे काय. नईमभाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "आवाजच फिरणार आहे ना? ती तर जेवायला घरी येते."

सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, पाणी दोन दिवस येणार नाही, पोलिओचा डोस पाजा, हे सगळं नाशिकने वर्षानुवर्षं जैतुनबींच्या तोंडून ऐकलं. मग अकरा वर्षांपूर्वी 'शेतसाद' नावाची फोनसेवा सुरू झाली. शेतकऱ्याने नंबर लावायचा, पीक निवडायचं आणि सल्ला ऐकायचा. तो सल्ला जैतुनबी वाचायच्या. दर बुधवारी तासभर थेट प्रश्नही घ्यायच्या, शेजारी शेतीतले जाणकार बसलेले.

लिहून आलेला कागद त्या तसाच कधी वाचत नसत. आधी समजून घ्यायच्या. कागदावर '१.५ मिली' असायचं, त्या 'दीड' वाचायच्या. '०.७५' असेल तर 'पाऊण'. एकदा वरच्या साहेबांनी हटकलं, की शास्त्रीय भाषेत जसं आहे तसंच वाचा. जैतुनबी म्हणाल्या, "साहेब, माझ्या वडिलांनी पाऊण शेर आलं विकलंय. शून्य पॉइंट पंचाहत्तर शेर कधी विकलं नाही." साहेब हसले आणि तो विषय मिटला.

दोन वर्षांपूर्वी 'शेतसाद' चालवणाऱ्या कंपनीने त्यांना बोलावून तीन हजार वाक्यं वाचून घेतली. विचित्र वाक्यं होती. 'निळ्या छत्रीखाली आठ बदकं उभी आहेत.' 'तू खरंच उद्या येणार आहेस का?' कशाला म्हणून विचारलं तर उत्तर आलं, आवाजाचा दर्जा तपासायचाय. नऊ दिवस चाललं ते काम. शेवटी एका कागदावर सही. त्यानंतर हळूहळू 'शेतसाद'चं बोलावणं कमी होत गेलं, बुधवारचा तास बंद झाला. जैतुनबींना वाटलं, सेवाच बंद पडत चालली असेल. ती बंद पडली नव्हती. त्यांच्याशिवाय त्यांच्याच आवाजात ती चालू होती.

*

रंगूबाई आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी जैतुनबी मुलीला, आयतला, घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेल्या. आयत एका शाळेत संगणक शिकवते. त्या लोकांची भाषा समजणारं कुणी सोबत असेल तर बरं पडेल, असा त्यांचा विचार. समोर राज नावाचा तिशीतला अधिकारी होता. उठून उभा राहिला, पाणी मागवलं, त्यांच्या आवाजाची तोंडभरून स्तुती केली. मग त्याने संगणक त्यांच्याकडे वळवला.

"मॅडम, ही तुमची संमती. कोणत्याही माध्यमात, कोणत्याही प्रकारे. खाली सही."

"मला सांगितलं होतं की दर्जा तपासायचाय."

"तेव्हा मी इथे नव्हतो."

"मग ते औषध विकायलाही तुम्ही नव्हतात का?"

"ते लोक आमचे नाहीत, मॅडम. आम्ही आवाजांचा संच एका जाहिरात कंपनीला वापरायला दिला होता. त्यांनी पुढे कुणाला दिला, ते आमच्या हातात राहत नाही." तो प्रामाणिकपणेच सांगत असावा. "चौदा आवाज आहेत. तुमचा सगळ्यात जास्त मागितला जातो." आणि कौतुकाने त्याने पडद्यावरची यादी दाखवली. जैतुनबींचं नाव तिथे नव्हतं. त्यांच्या आवाजासमोर लिहिलं होतं : 'ग्रामीण प्रौढ महिला, विश्वासू'.

जैतुनबींनी चष्मा लावून तो शब्द पुन्हा वाचला.

"हे विश्वासू कुणी लिहिलं?"

"पाहणी केली होती. लोकांना आवाज ऐकवून विचारलं."

"त्या एका शब्दाला मला अकरा वर्षं लागली, राजसाहेब. तुम्ही तो कपाटातून काढून औषधवाल्याच्या हातात ठेवलात."

राजने विषय सावरला. नवा करार करू, म्हणाला. दरवर्षी ठरावीक मानधन, काही करायला नको. "तुम्हाला घराबाहेर पडायचीही गरज नाही. प्रवास नाही, घशाची काळजी नाही. आजारी असलात तरी आवाज चालू राहील."

"आणि मेले तर?"

राजने क्षणभर पडद्याकडे पाहिलं. "तांत्रिकदृष्ट्या, हो. तरीही."

"मग मी मेल्यावर पेठच्या बाईला चुकीचं औषध कुणी सांगितलं, ते तिने कुणाला येऊन विचारायचं?" जैतुनबी उठल्या. "माझा आवाज त्या यादीतून काढा. मी परत सही करणार नाही. आणि पहिली सही खोटं सांगून घेतलेली आहे, हे मी आता तुमच्यासमोर बोलले आहे. हे मात्र मीच बोलले आहे, लिहून ठेवा."

परतताना रिक्षात मुंबई नाका ओलांडल्यावर आयत म्हणाली, "अम्मी, राग मानू नकोस. पण घ्यायला हवं होतं. तू नाही म्हटलंस म्हणून आवाज काही परत येत नाही. तो त्यांच्याकडे आहेच."

"असू दे. माझं 'हो' तर नाही ना त्यांच्याकडे."

"त्याने काय फरक पडतो?"

"मला पडतो."

आयतने पुढे वाद घातला नाही. पण संध्याकाळी तिने तिच्या वर्गमैत्रिणीला, एका वकील मुलीला, फोन लावला.

योगेशचंही मत वेगळं होतं, आणि ते ऐकून घेण्यासारखं होतं. त्याच्या घशात दोन वर्षांपूर्वी गाठ निघाली, ऑपरेशन झालं, त्यानंतर तासभर सलग बोललं की आवाज फाटतो. त्याने स्वतःहून आपला आवाज यंत्राला दिला होता, नीट करार वाचून. आता बारीकसारीक कामं यंत्र करतं, तो स्टुडिओ सांभाळतो. "मी विकला नाही ताई, भाड्याने दिलाय," तो म्हणायचा. "सगळेच देणार आज ना उद्या. तुम्ही भांडत बसाल आणि गिऱ्हाईक म्हणेल, या बाईचा त्रास नको. मला तुमची काळजी वाटते म्हणून सांगतो."

"तू समजून दिलास, योगेश. तुझं तू बघ, मी तुला नावं ठेवत नाही. पण माझ्या आवाजाने एका बाईची मिरची जाळली. ते मी कसं घरी बसून ऐकू?"

पोलिसांच्या सायबर शाखेत त्यांनी तक्रार दिली. तिथल्या फौजदार बाई भल्या होत्या. अर्ज घेतला, पोच दिली, वेळ लागेल म्हणाल्या. जैतुनबींनी पोच नीट घडी करून ठेवली आणि रंगूबाईंना फोन लावला. "तुमच्याकडचा बाजार कोणत्या दिवशी असतो?"

*

बाजाराच्या दिवशी त्या पहाटेच्या गाडीने निघाल्या. नईमभाई सोबत येतो म्हणाले, त्यांना नको म्हटलं. लग्नसराईचे कपडे शिवायचे राहिले होते. सावळघाटात गाडी वळणं घेऊ लागली. त्यांनी खिडकी उघडली आणि लहानपणी घ्यायच्या तसा पोटातून श्वास घेत राहिल्या.

पेठला उतरल्या तेव्हा रंगूबाई स्टँडवर उभ्याच होत्या, सोबत गावच्या आणखी चार बायका. बाजार भरत आला होता. आणि स्टँडपासून दहा पावलं चालताच जैतुनबींना स्वतःचा आवाज ऐकू आला.

कडेला टेम्पो उभा होता. टपावर कर्णा, बाजूला 'कणसाई'च्या हिरव्या बाटल्यांची खोकी. कर्ण्यातून जैतुनताई बंधू-भगिनींना सांगत होती, की तिने स्वतः खात्री केली आहे. टेम्पोजवळ हिरामण नावाचा विक्रेता होता, इकडचाच, करंजाळीच्या बाजूचा. जैतुनबी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, हे बंद करा. हा आवाज माझा आहे आणि मी हे बोललेले नाही."

हिरामण हसला. "बाई, हे वरून भरून येतं. आमी फक्त लावतो."

"मग काढा."

"काढायचं असतं तर लावलं असतं का? चला, गिऱ्हाईक यायचं हाय."

तो वळला आणि त्याने आवाज आणखी वाढवला. जैतुनबींकडे माईक नव्हता. जन्मभर माईकवर पोट भरलेली बाई भर बाजारात रिकाम्या हाताने उभी होती, आणि डोक्यावर तिचाच आवाज गरजत होता. रंगूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जैतुनबींनी डोक्यावरचा पदर कानामागे खोचला, पाय थोडे फाकवले आणि पोटातून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला सुरुवात केली.

"पेठच्या बायांनो आणि भावांनो. मी जैतुन. महेबूब बागवानाची मुलगी, नाशिकहून आलेय. त्या कर्ण्यात जी बोलतेय ती मी नाही. यंत्राने माझा आवाज उचललाय. ते औषध घेऊ नका. रंगूबाईंनी मारलं, त्यांची मिरची जळाली. जळलेलं झाड माझ्या पिशवीत आहे, या आणि हात लावून बघा."

कर्ण्याखालून तो आवाज बाहेर पडला आणि पुढे गेला. माळवं मांडून बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. मीठवाला उठून आला. दहा मिनिटांत टेम्पोभोवती कडं झालं. वर एक जैतुनताई, खाली एक जैतुनबी, आणि लोक एकदा वर, एकदा खाली बघत होते. कुणी हसलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस पुढे आला.

"आमी कशावरून मानायचं? वरची बी जैतुनताई, खालची बी जैतुनताई. तूच नकली नाय कशावरून?"

प्रश्न रास्त होता. जैतुनबींनाही तो तसाच वाटला.

"माझ्याकडे पुरावा म्हणून काही कागद नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारा काय विचारायचं ते. आणि मग त्यालाही विचारा."

टॉवेलवाल्याने विचार केला. "माझ्या आंब्याच्या झाडाला यंदा खोडातून डिंक येतो. लय येतो. काय मारू?"

जैतुनबींना एखादं उत्तर देता आलं असतं. अकरा वर्षांत आंब्यावरचे कागद त्यांनी चिक्कार वाचले होते, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा म्हटलं असतं तरी कुणी हटकलं नसतं.

"मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "झाड पाहिल्याशिवाय कुणीच सांगू नये. तुमचं नाव आणि गाव सांगा, मी विचारून तुम्हाला फोन करते."

गर्दीत कुठेतरी बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. भिका त्याचं नाव. तो आजूबाजूच्यांना म्हणाला, "हीच ती. बुधवारची फोनवाली बाई असंच म्हनायची. 'मला ठाऊक नाही, विचारून सांगते.' आन दुसऱ्या बुधवारी सांगायची. मला दोनदा सांगितलंय तिनं."

वरचा आवाज एव्हाना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. टॉवेलवाल्याने कर्ण्याकडे मान वर करून मोठ्याने विचारलं, "काय गं, डिंकाला काय मारू?" आणि सगळा बाजार हसला. कर्णा सांगत राहिला, की पीक कोणतंही असो.

हसू ओसरायच्या आत रंगूबाई टेम्पोच्या चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि बॅटरीला लावलेली वायर त्यांनी उपटली. हिरामण धावला, पण चार बायका मध्ये उभ्या होत्या. शांतता झाली. त्या शांततेत हिरामणचा चेहरा एकदम उतरला. तो जैतुनबींजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, मला खरंच वाटलं तुमीच बोलल्या. म्हनून तर मी माल उचलला. माझ्या बापाच्या वांग्यावर बी मारलंय."

"मग चला माझ्यासोबत," जैतुनबी म्हणाल्या. "कृषी कार्यालयात बाटल्या द्या आणि कुणाकडून घेतल्या ते सांगा. मी तुमच्या शेजारी उभी राहते."

तो आला. थोडा वेळ घेतला, पण आला.

*

पुढे जे झालं ते एका झटक्यात झालं नाही. कृषी कार्यालयाने बाटल्यांचे नमुने घेतले. पेठ तालुक्यातून तो टेम्पो गेला. माल बनवणाऱ्याचा पत्ता खोटा निघाला. आयतच्या मैत्रिणीने कंपनीला नोटीस दिली, सोबत पेठच्या एकशे बारा शेतकऱ्यांचे जबाब जोडले. त्यातले कितीतरी अंगठे होते. अडीच महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं, की संबंधित आवाज संचातून काढून टाकण्यात आला आहे.

जैतुनबींनी राजला फोन लावला. "काढला म्हणजे काय केलं? ते जे शिकलं, ते विसरलं का?"

राज बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? मला माहीत नाही."

"हे पहिल्यांदा नीट बोललात," जैतुनबी म्हणाल्या.

'शेतसाद'कडून त्यांना पुन्हा काम आलं नाही. भांड्यांच्या दुकानवाल्यानेही पुढची जाहिरात यंत्राकडून करून घेतली. आयतने एकदा तपासलं तेव्हा संचाच्या यादीत नवी नोंद दिसली : 'ग्रामीण प्रौढ महिला, विश्वासू, दोन'. ती बाई कोण, कुठली, हे शोधायला जैतुनबींना तीन आठवडे लागले. ती नगरची निघाली. तिलाही दर्जा तपासायचाय असंच सांगितलं होतं. जैतुनबींनी तिला सायबर शाखेतल्या फौजदार बाईंचा नंबर दिला आणि वकील मुलीचाही.

मग त्यांनी नाशिकमधले आवाजाचे कलाकार एका दुपारी योगेशच्या स्टुडिओत जमवले. अकरा जण आले. रेडिओवर काम केलेले दोघं, लग्नात सूत्रसंचालन करणारे, लहान मुलांच्या गोष्टी वाचणारी पायल. कुणी म्हणालं संप करू, कुणी म्हणालं सरकारला पत्र लिहू. जैतुनबींनी एक साधं सुचवलं. यापुढे कोणताही करार आला की सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची : 'माझा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी वापरता येणार नाही.' छापून मिळाली तरी ठीक, नाही मिळाली तर हाताने लिहायची.

नऊ जणांनी मान्य केलं. दोघं म्हणाले, घर चालवायचंय, जमणार नाही. त्यांना कुणी अडवलं नाही. योगेशने चहा दिला, खुर्च्या लावल्या, ओळ मात्र लिहिली नाही. त्याचा करार आधीच झालेला होता. पण त्या दिवसापासून स्टुडिओत रेकॉर्डिंगला आलेल्या प्रत्येकाला तो आधी कागद वाचायला लावतो, आणि घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतो.

पायलचं त्यानंतरचं पहिलंच काम त्या ओळीपायी गेलं. गोष्टींच्या कंपनीने करार नव्याने छापून पाठवला, ओळ गाळून. तिने परत लिहिली. त्यांनी परत गाळली. तिने तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा त्यांनी फोन करणं बंद केलं. ती रडवेली होऊन आली तर जैतुनबींनी तिला समजावलं नाही की धीर दिला नाही. तिला घरी जेवायला ठेवून घेतलं, आणि जेवणानंतर म्हणाल्या, "चौथ्यांदाही लिहिली असतीस ना?" पायल म्हणाली, "लिहिली असती." नईमभाईंनी मशीनवरून मान वर केली आणि पुन्हा कामाला लागले.

बुधवारचा तास आता पुन्हा भरतो, कंपनीशिवाय. पेठच्या बायकांच्या बचतगटाने एक ग्रुप केलाय, ठरल्या वेळी सगळ्या फोन जोडतात. कृषी सहायक एका बाजूला, जैतुनबी दुसऱ्या. सुरुवातीला त्या वार, तारीख सांगतात, समोर खिडकीतून काय दिसतं ते सांगतात, आणि मग प्रश्न घेतात. टॉवेलवाल्या माणसाच्या आंब्याला खोडकिडा होता. त्याला त्यांनी चौथ्या दिवशी फोन केला होता.

गेल्या महिन्यात सटाण्याकडून एका अनोळखी बाईचा फोन आला. तिकडे कांद्यावरच्या कुठल्याशा औषधाची गाडी फिरत होती.

"ताई, हाऊ आवाज तुमनाच शे का?" तिने अहिराणीत विचारलं, आणि फोन गाडीकडे धरला.

जैतुनबींनी ऐकलं. बंधू-भगिनींनो. तोच बारीक श्वास.

"नाही बाई, मी नाही ती," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बाजार कोणत्या वारी भरतो?"

आयत शेजारीच बसली होती. तिने काही न बोलता स्वतःचा फोन काढला आणि सटाण्याच्या गाड्यांच्या वेळा बघायला लागली. तिकिटं दोन काढायची होती.